बॉनेटभोवतीच्या गप्पा आणि सात वह्या

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी माळा साफ करताना वडिलांच्या वह्यांचा एक गठ्ठा खाली आला. बँकेकडून मिळालेल्या जुन्या डायऱ्या, वर सुतळी, आणि पानांना अजूनही रॉकेलचा मंद वास. बायको म्हणाली, "रद्दीवाला दुपारी येणार आहे. यातलं काय ठेवायचं ते आत्ताच बघून घ्या." मी मधलंच एक पान उघडलं. अण्णांचं अक्षर बारीक, पण स्वच्छ :

"रवि. पॉइंट घासले. प्लग काढून गॅप ब्लेडने पाहिली. ३ नंबर काळा. टप्पेटचा आवाज कमी. ब्रेक ऑइल टाकले. बॅटरीचे पाणी. हेराल्डचे कंडेन्सर आपल्याला चालते का, विचारणे."

अण्णांनी १९७८ साली एक वापरलेली फियाट घेतली होती, १९६६ची, 'डिलाइट'. पुढची सतरा वर्षं ती गाडी आमच्याकडे होती, आणि दर रविवारी तिच्यासाठी काय केलं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. रद्दीवाला आला तेव्हा मी त्या तीन डायऱ्या बाजूला काढल्या. मग ओळखीच्यांकडे, ओळखीच्यांच्या ओळखीत चौकशी करत गेलो. वर्षभरात आणखी चार वह्या मिळाल्या : एक पुण्याच्या सदाशिव पेठेतून, एक नाशिकहून, दोन मुंबईतल्याच. एका वहीत मोटारीच्या नोंदी दुधाच्या हिशेबाच्या मधेमधे आहेत. दुसरीत स्पार्क प्लगचं रिकामं खोकं उलगडून चिकटवलेलं आहे.

मी इतिहास कॉलेजात शिकलेलो नाही. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये सुट्या भागांची नोंद ठेवण्यात माझी नोकरी गेली. म्हणूनच कदाचित या वह्या वाचताना मला त्या परक्या वाटल्या नाहीत. सुरुवातीला माझा प्रश्न साधा होता : मेकॅनिक नसलेली, कारकुनी करणारी, डॉक्टरकी करणारी ही माणसं मोटारीच्या दुरुस्तीबद्दल इतकं तपशिलात कशी बोलू शकत होती? हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते मला अपेक्षित नव्हतं, आणि काही ठिकाणी सुखाचंही नव्हतं.

तीनच गाड्या

आधी त्या काळाची चौकट पाहू. मुंबईत मोटारी जोडण्याचा उद्योग स्वातंत्र्याच्या बराच आधी आला. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग आणायचे आणि इथं जोडायचे. मोटारमालकांची संघटना त्याहून जुनी : वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं शिफारस केली की ज्यांना इथं गाडी प्रत्यक्ष बनवायची आहे, त्यांनीच राहावं. नुसती जोडणी पुरे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरल्या प्रामुख्यानं तीन मोटारी. कुर्ल्याची फियाट ११००, जी १९५४ पासून येऊ लागली. बंगालातल्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर, म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि साठीच्या दशकात मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आलं. साठीच्या शेवटी किमतींवरही आलं, आणि मोटारीची वाजवी किंमत कोणती हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल १९७१चा. नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. घाई असेल तर अण्णांसारखी जुनी घ्यायची.

या टंचाईचा एक परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे : लोकांनी गाड्या जपल्या, कारण दुसरी मिळणार नव्हती. पण वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचताना दुसरा परिणाम दिसला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी बदलत नव्हती म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञानही जुनं होत नव्हतं. १९६४ची 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट', १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' – नावं बदलली, पण आतलं १,०८९ घन सेंटिमीटरचं चार सिलिंडरांचं इंजिन तेच राहिलं. नाशिकच्या वहीत १९६९ साली लिहिलेला उपाय विलेपार्ल्यात १९९० साली लागू पडत होता. दहा घरांत मिळून तीनच प्रकारच्या गाड्या असल्या की एकाचं दुखणं दुसऱ्याला परिचयाचं असतं. दुरुस्तीच्या गप्पा रंगायला हा पाया पुरेसा होता.

इंग्लंडात याच काळात हे ज्ञान छापलं जाऊ लागलं. जॉन हेन्स नावाच्या तरुणानं हवाई दलात असताना एडनला एक जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून पुन्हा जोडली, टप्प्याटप्प्याचे फोटो काढले, आणि १९६६ मध्ये त्यातून मालकांसाठी दुरुस्तीचं पहिलं पुस्तक आलं. पुढे त्याच्या पुस्तकांची मोठी मालिका झाली. आमच्या आवारात तसं पुस्तक नव्हतं. कंपनीची इंग्रजी पुस्तिका होती, ती अण्णांच्या डायरीत घडी घालून ठेवलेली असे. बाकी सगळं रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळात बोललं जाई.

वह्यांत काय आहे

आमच्या इमारतीच्या आवारात चार गाड्या उभ्या असत. माणसांची ओळखही गाड्यांवरूनच होती : हेराल्डवाले काका, अँबॅसेडरवाले डॉक्टर, तळमजल्यावरचे दुसरे फियाटवाले. आम्हा मुलांना हेराल्ड सर्वांत आवडे, कारण तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडे आणि अख्खं इंजिन चाकांसह उघडं पडे. काका टायरवर बसून काम करत.

सगळ्या वह्यांत सर्वाधिक वेळा येणारा शब्द 'पॉइंट' हा आहे. आजच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे धातूचे टोक असत. ते एकमेकांपासून सुटले की कॉइलमधला प्रवाह तुटे, त्या झटक्यानं हजारो व्होल्टचा दाब तयार होई आणि प्लगवर ठिणगी पडे. मिनिटाला हजारो वेळा हे घडायचं. टोकं जळत, खडबडीत होत, त्यांच्यातलं अंतर बदले. मग गाडी 'मिसिंग' मारू लागे : चालता चालता एखाद्या सिलिंडरनं ठोका चुकवल्यासारखी. पॉलिश पेपरनं टोकं घासायची, अंतर पुन्हा लावायचं, एवढंच काम. पण ते दर काही हजार किलोमीटरला करावं लागे, आणि ज्याला ते येई त्याला आवारात मान असे.

प्लगचं अंतर मोजायला फीलर गेज लागतो. तो सगळ्यांकडे नव्हता. हॅकसॉचं पातं साधारण सव्वासहा दशांश मिलिमीटर जाड असतं, आणि तेवढं अंतर प्लगला बहुतेक चालून जातं. अण्णांच्या नोंदीतलं 'ब्लेड' ते हेच. प्लगचा रंग पाहून इंजिनाची तब्येत सांगायची हीसुद्धा एक विद्या होती. बिस्किटी तपकिरी म्हणजे ठीक. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला तेलकट म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, खर्च मोठा. पांढरट म्हणजे इंजिन फार तापतंय. पुण्याच्या वहीत चारही प्लगांचे रंग दर महिन्याला लिहिलेले आहेत. डॉक्टर लोक जीभ बघतात त्या गांभीर्यानं.

पान्ह्यांचा एक वेगळा प्रश्न होता. फियाट इटालियन, म्हणून तिचे नट मिलिमीटरात : दहा, तेरा, सतरा. अँबॅसेडर आणि हेराल्ड इंग्रजी घराण्याच्या, म्हणून इंचात. देशात दशमान मापं १९५६च्या कायद्यानं येऊन रुळली होती, पण आवारात दोन्ही राज्यं शेजारी-शेजारी नांदत होती. तेराचा पान्हा अर्ध्या इंचाच्या नटावर जवळपास बसतो. जवळपासच, म्हणून जोर लावला की नटाच्या कडा घासून गोल होतात. यावरून झालेलं एक भांडण अण्णांच्या वहीत चार शब्दांत आहे : "डॉ.ना पान्हा देणे नाही."

वाटेतल्या उपायांचं स्वतंत्र पान प्रत्येक वहीत आहे. रेडिएटर गळू लागला तर पाण्यात हळद. पेट्रोलची टाकी झिरपली तर चिरेवर साबण घासून भरायचा. पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळायची, पाणी धरून राहत नाही. यातले काही उपाय तात्पुरते, काही नंतर जास्त खर्चात टाकणारे. हळदीनं रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदतात, हे नाशिककरांनी लाल शाईनं लिहून ठेवलं आहे. चुकीच्या समजुतीही आहेत. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं तेव्हा उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून सोडायची पद्धत पडली. घाटात असं केलं की इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन वह्यांत हे 'बचत' म्हणून नोंदलेलं आहे, तिसरीत त्याच्यापुढे फक्त "नको" असं लिहिलंय.

आणि भाषा पाहा. 'स्टेपनी' हा शब्द आपण जादा चाकाला सहज वापरतो. तो वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला; १९०४ साली तिथल्या दोघा भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली होती. 'डिकी' म्हणजे मूळ जुन्या मोटारींच्या मागे उघडणारी बसायची जागा. ते शब्द ज्या देशातून आले तिथं आता या अर्थानं कुणी वापरत नाही. इथं ते मराठी होऊन राहिले. 'सेल्फ उचलत नाही', 'टप्पेट वाजतंय', 'हेड उतरवलं', 'पॅकिंग गेलं' ही वाक्यं वहीत जशीच्या तशी आहेत. बँकेत दिवसभर इंग्रजीत पत्रं लिहिणारा माणूस रविवारी ही भाषा लिहीत होता.

घरच्यांचाही यात वाटा होता. ब्रेकमधली हवा काढायचं काम एकट्यानं होत नाही. एकानं चाकाशी बसून निपल सैल करायचं, दुसऱ्यानं आत पेडल दाबायचं. "दाब. धरून ठेव. सोड." ही माझी पहिली नोकरी. माझे पाय पुरत नसत तेव्हा आई बसे. खंडेनवमीला पान्हे रॉकेलनं धुऊन पाटावर मांडले जात, गाडीला झेंडूची माळ. ती नोंदही दर वर्षी आहे, आणि ती आईच्या अक्षरात आहे.

ओल्या फडक्याची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या घरात एक गोष्ट लग्नकार्यात हमखास सांगितली जाते. मे १९८१. आम्ही पुण्याला मामाच्या लग्नाला निघालो होतो. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता, जुनाच बोरघाट. खोपोली सोडून वर चढताना, शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे गाडी बंद पडली. सेल्फ फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. मागे गाड्यांची रांग, वर दुपारचं ऊन. अण्णांनी बॉनेट उघडलं, आईकडून एक फडकं मागून घेतलं, पाण्याच्या कळशीत बुडवून पेट्रोल पंपावर गुंडाळलं आणि खडकावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी गाडी सुरू. पुढे एक अँबॅसेडर तशीच उभी होती, तिलाही त्यांनी उपाय सांगितला. "अण्णांचं डोकं बघा," असं म्हणून ही गोष्ट संपते.

उपाय शास्त्रशुद्ध आहे. त्या गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. घाटात इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफ खेचली जात नाही, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पंप थंड केला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

मी १९८१ची डायरी उघडली ती ही नोंद पाहायला. ती होतीच. पण त्याच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी आणखी एक नोंद होती :

"उस्ताद म्हणाला, घाटात बंद पडली तर घाबरू नये. पंपावर ओले फडके. दहा मिनिटे. चोक ओढू नये."

मग मी सातही वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या, या वेळी फक्त एवढंच बघत की कुठला उपाय कुणाकडून आला. 'उस्ताद म्हणाला'. 'मिस्त्रीकडून कळले'. 'गॅरेजवाल्याचे म्हणणे'. 'टॅक्सीवाल्याने सांगितले'. आपण ज्या गप्पांना हौशी मालकांच्या गप्पा म्हणतो, त्यातला निम्म्याहून अधिक माल गॅरेजातून आलेला होता. आणि सात वह्यांत मिळून एकाही मेकॅनिकचं नाव नाही. हेराल्डवाल्या काकांचं आडनाव आहे, डॉक्टरांचं आहे, सुट्या भागांच्या दुकानदाराचं आहे. उस्ताद फक्त उस्ताद.

आमच्या मागच्या गल्लीतला तो उस्ताद मला सापडला. एका जुन्या टॅक्सीमालकानं पत्ता दिला. ते आता कोकणात गावी असतात, खेड तालुक्यात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी गेलो तेव्हा अंगणात बसून मुलाच्या रिक्षाचा क्लच केबल बघत होते. मी ओळख सांगितली. त्यांना अण्णांचं नाव आठवेना. "बँकवाले साहेब," असं म्हणाले, आणि गाडीचा नंबर न चुकता सांगितला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाव दोन्ही बाजूंनी ठाऊक नव्हतं.

मी त्यांना ओल्या फडक्याची नोंद वाचून दाखवली. ते हसले. "ते मला माझ्या उस्तादनं सांगितलेलं. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही." मग मी ब्लेडबद्दल विचारलं, कारण तो उपाय मी पूर्णपणे त्यांचाच समजत होतो. इथं त्यांनी मला दुरुस्त केलं. "नाही, ते दोघांचं. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत. तुमचे वडील वाचून सांगायचे, पॉइंट सहा, पॉइंट साडेसहा. मला पॉइंटातलं कळायचं नाही. मी ब्लेड घालून विचारायचो, एवढं? ते गेज लावून बघायचे आणि म्हणायचे, बरोबर. मग मी सगळ्यांना ब्लेडच सांगायला लागलो."

म्हणजे हिशेब एकतर्फी नव्हता. पुस्तकातला आकडा साहेबांकडून उस्तादाकडे गेला, तिथं त्याचं पातं झालं, आणि ते पातं गल्लीतल्या सगळ्या गाड्यांपर्यंत पोचलं. घाटातला उपाय उलट दिशेनं आला. बॉनेटच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांनी मिळून हे केलं होतं. फक्त लिहिणारा एकच होता.

अजून एक नोंद आहे. ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. १९७९, पावसाळ्यातला एक रविवार :

"पोराचा हात फॅनमध्ये. टाके ३. गॅरेज बंद. प्लग पुढच्या रविवारी."

पोर म्हणजे गॅरेजातला मुलगा. प्रत्येक गॅरेजात एक असे. रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुणं, पान्हा हातात देणं, चहा आणणं. वह्यांत तो "पोराला २ रु.", "पोराला दिवाळी" अशा नोंदींत येतो. उस्ताद स्वतः अकराव्या वर्षी मुंबईला आले ते असेच. त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो आणि आवारात बसून ब्रेकचं पेडल दाबत होतो. तो मुलगा माझ्याच वयाचा असावा. उस्तादांना तो आठवत होता. "बोट वाचलं. पण त्याची आई येऊन घेऊन गेली. बरं झालं," एवढंच म्हणाले. मोटार दुरुस्तीचं शिक्षण देणाऱ्या सरकारी आयटीआय पन्नाशीपासून होत्या, पण तिथं जायला आधी शाळा लागे. १९८६च्या बालकामगार कायद्याच्या प्रतिबंधित कामांच्या यादीत पुढे मोटार गॅरेजांचाही समावेश झाला. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्या नोंदीतही त्यांनी आधी मुलाचा हात लिहिला, मग प्लग. तरी ती तिसरी छोटी वाक्यं मला अजून खुपतात.

बंद झालेलं बॉनेट

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. अण्णांच्या डायरीत ती पहिल्यांदा १९८६ साली येते, तळमजल्यावरच्या फियाटवाल्यांनी गाडी बदलली तेव्हा : "नवीन गाडी. रविवारी खाली आले नाहीत." त्यांना यायची गरजच उरली नव्हती. गाडी सुरू होत होती. पुढे डिस्ट्रिब्युटरमधल्या टोकांची जागा इलेक्ट्रॉनिक्सनं घेतली. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन रुळलं. ठिणगी कधी पडायची, पेट्रोल किती सोडायचं, हे आता छोटा संगणक ठरवतो, आणि बिघाड झाला तर तो सांकेतिक आकड्यात सांगतो. आकडा वाचायला यंत्र लागतं. पद्मिनीचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं. ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी उठली.

मला या बदलाचं रडगाणं गायचं नाही. नव्या गाड्या कमी धूर सोडतात, घाटात कमी बंद पडतात. रविवारची सकाळ मोकळी मिळाली याचा आईला निर्विवाद आनंद झाला होता.

पण एक प्रश्न मिटलेला नाही : गाडी दुरुस्त करण्याची माहिती कुणाची? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप हा होता की सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही आहेत. उस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "आधी पुस्तक इंग्रजीत होतं, आता मशीनमध्ये आहे," म्हणाले. "तेव्हा वाचून सांगणारा कुणीतरी यायचा."

माझ्या सात वह्यांवरून सबंध महाराष्ट्राबद्दल निष्कर्ष काढता येणार नाहीत, हे मला कळतं. लिहिणारे सगळे शिकलेले, पांढरपेशे, गाडी परवडणारे. टॅक्सीवाल्याची, एसटीच्या कार्यशाळेतल्या कारागिराची, स्वतः गॅरेजवाल्याची वही मला अजून मिळालेली नाही. ती असेल तर चित्र पालटेल, आणि ते पालटावं अशीच माझी इच्छा आहे. तोवर गॅरेजातल्या माणसांनी काय शिकवलं याचा पुरावा दुसऱ्यांच्या वह्यांत, दुसऱ्यांच्या अक्षरात आहे, आणि त्या वह्या दर दिवाळीला किलोच्या भावानं जात आहेत.

निघताना मी उस्तादांना विचारलं की लेखात तुमचं नाव घालू का. त्यांनी नको म्हटलं. छापून कशाला, गावात लोक उगाच विचारत बसतील. मग मी १९८१ची डायरी पुढे केली आणि त्या नोंदीशेजारी तरी लिहू का, असं विचारलं. त्यांनी चष्मा लावला, नोंद पुन्हा वाचून घेतली, आणि माझ्याकडून पेन घेऊन स्वतःच लिहिलं. समासात जागा कमी होती, त्यामुळे आडनाव खालच्या ओळीवर गेलं आहे.

तुमच्या माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीवाला येण्याआधी एकदा उघडून पाहा. 'मिस्त्री म्हणाला' असं कुठं लिहिलेलं आढळलं, आणि तो मिस्त्री कोण हे घरात कुणाला अजून आठवत असेल, तर त्याचं नाव शेजारी लिहून ठेवा.